कणगीतील चोर आणि पांढरी माती

येळवस होऊन जाते, शिवारातील तुरी कापून खळ्यावर येतात, रास पडते, आणि आमच्या सरहद्दीवरील शेतकऱ्यापुढे दरवर्षीचाच प्रश्न उभा राहतो. ही रास आताच अडत्याच्या काट्यावर घालावी, की चार महिने घरात ठेवावी? चिंताकी आणि औराद तालुक्यातील तिच्या आसपासची खेडी घ्या, अथवा खाली कलबुर्गीकडील तुरीचा मुलूख घ्या, उत्तर बहुधा एकच मिळते: विकून टाका. सगळ्यांचीच रास एका वेळी बाजारात येते, तेव्हा भाव नरम असतो, हे शेतकऱ्यास ठाऊक नाही असे मुळीच नाही. पुढे भाव चढेलच, असे छातीठोकपणे कोणी सांगू शकत नाही हेही खरे. परंतु पुष्कळ घरांतून तुरी घाईघाईने बाहेर पडतात त्या भावाचा विचार करून नव्हे, तर भुंग्याच्या धास्तीने. घरात ठेवलेल्या तुरीस आखाडापर्यंत भोके पडतात, पोत्यात हात घातला तर बोटांना पीठ लागते, आणि मृगाच्या पेरणीस घरचे बियाणे उरत नाही. मग तेच बियाणे दुकानातून दामदुपटीने आणावयाचे. ज्या भागातील तूरडाळीस २०१९ साली 'गुलबर्गा तूरडाळ' म्हणून भौगोलिक मानांकन मिळाले, त्या भागातील शेतकऱ्याने पेरणीच्या वेळी बियाण्यासाठी दुसऱ्याच्या दारात उभे राहावे, ही गोष्ट आम्हांस फार लागते.

तेव्हा हा चोर कोण, तो कणगीत शिरतो कसा, आणि ज्यात विषाचा अंशही नाही अशा साध्या मातीच्या भुकटीने त्याचा बंदोबस्त कसा होतो, याविषयी आज थोडे विस्ताराने लिहावयाचे आम्ही योजिले आहे.

आमच्या पुष्कळ वाचकांची अशी समजूत आहे की किडा घरात, पोत्यात, "आपोआप" उत्पन्न होतो. तसे नाही. कडधान्यातील भुंगेरा पुष्कळदा शेतातूनच येतो. तुरीच्या शेंगा पिकत आल्या की मादी तेथेच अंडी घालून ठेवते, आणि आपण ती आपल्या हातांनी खळ्यावर व खळ्यावरून घरात आणतो. दाण्यावर जे बारीक पांढरे ठिपके चिकटलेले दिसतात तीच ही अंडी. अंड्यातून निघालेली अळी बाहेर येतच नाही; अंड्याच्या बुडातूनच ती सरळ दाण्यात शिरते, आत राहून डाळ खाते, आणि वाढ पुरी झाली की गोल झाकण उघडल्याप्रमाणे भोक पाडून भुंगेरा होऊन बाहेर पडते. उबदार हवेत या साऱ्यास सुमारे एक महिना लागतो. एक मादी ऐंशीच्या आसपास अंडी घालू शकते. त्यांतील निम्म्या माद्या धरल्या तर दुसऱ्या फेरीस चाळीस, तिसऱ्या फेरीस सोळाशे, चवथ्या फेरीस चौसष्ट हजार. हा हिशेब कागदावरचा आहे, सगळी अंडी जगत नाहीत. तरी पौषात स्वच्छ दिसणारे पोते वैशाखात का उठून चालू लागते, ते यावरून ध्यानात यावे.

आणखी एक गोष्ट या ठिकाणी सांगून ठेवतो, कारण पुढे तिचे काम पडणार आहे. बाहेर आलेला भुंगेरा साठवलेले धान्य खात नाही. तो आठवडा-दोन आठवडे जगतो, इकडून तिकडे हिंडतो, जोडी जमवितो, अंडी घालतो आणि मरतो. खाणारी ती अळी, आणि ती तर दाण्याच्या आत बंद. ज्वारी, गहू व तांदूळ यांतील सोंड्याची रीत थोडी निराळी. त्याची मादी सोंडेने दाणा कोरून आत अंडे घालते व वरून भोक लिंपून टाकते. तोही दाण्याच्या आतच वाढतो. तेव्हा नुसत्या चाळण्याने कीड गेली असे मानणारी गृहिणी चाळणीत केवळ मोठी झालेली पिढी पकडते. लहान पिढी दाण्यांबरोबर पुन्हा कणगीत जाते.

आमचे पूर्वज यावर हात जोडून बसले नव्हते. गावच्या पांढरीत ते पेव खणीत. त्यासच आमचे कन्नड शेजारी हगेवु म्हणतात. पेवाचे तोंड लिंपून बंद केले की आतील धान्य श्वासोच्छ्वास करून हवा संपवी आणि कीड गुदमरून मरे. (पेव उघडताच आत उतरलेली माणसेही तशीच गुदमरून गेल्याच्या कथा जुन्या गावांतून ऐकू येतात, त्या खोट्या मानू नयेत.) वाड्यातून बळदे असत, गरिबाघरी शेणामातीने सारवलेली कणगी असे, आणि बियाणे मडक्यांच्या उतरंडीत राखेत पुरून ठेवीत. राखेची ही रीत आपल्याकडचीच आहे असेही नाही. आफ्रिकेत उत्तर कॅमेरूनच्या खेड्यांतील स्त्रिया चवळी राखेतच ठेवतात, आणि संशोधकांनी तिची परीक्षा केली तेव्हा असे आढळून आले की चार मापे चवळीस तीन मापे राख मिसळली म्हणजे भुंगेऱ्याची वाढ थांबते. येथे प्रमाण ध्यानात घ्यावे. आमच्याकडे पोत्यात राखेची एक मूठ टाकून समाधान मानणारी घरे आम्ही पाहिली आहेत. त्या मुठीने किड्यास कळतसुद्धा नाही. दाण्यादाण्यांमधील पोकळी भरून निघेल इतकी राख असावी लागते.

आणि मग तांबडी माती. तुरी भिजवून, त्यांस तांबडी माती चोळून, उन्हात वाळवून मग जात्यावर भरडण्याची रीत आमच्या आयाबायांस सांगावयास नको. दक्षिणेत कित्येक ठिकाणी बियाण्याच्या तुरीसही लाल मातीचा लेप देऊन ठेवतात. शिकलेली माणसे या मातीस बरीच वर्षे हसत होती. असो, पुढे प्रयोगशाळांनीच मातीचा पक्ष घेतला.

कीटकाचे शरीर इवलेसे, आणि इवल्या शरीरातील पाणी लवकर उडून जाते. ओले धोतर उशिरा वाळते, ओली चिंधी लागलीच वाळते, तसेच हे. त्यातही धान्यातील कीटकाचे जिणे कठीण. त्यास प्यावयास थेंबभर पाणी नाही, दाण्यात जो दहा-बारा टक्के ओलावा असतो आणि अन्न पचताना जे पाणी तयार होते, त्यावरच त्याचा निर्वाह. मग तो वाळून का जात नाही? कारण त्याच्या कवचावर मेणाचा एक अत्यंत पातळ थर असतो, आपल्या केसाच्या जाडीच्या शेकडो पटींनी पातळ. तो थर म्हणजे त्याचे मेणकापड होय. आतील पाणी आत राखणारे. विगल्सवर्थ नावाच्या थोर इंग्रज कीटकशास्त्रज्ञाने दुसऱ्या महायुद्धाच्या काळात यावर प्रयोग करून १९४४ साली असे दाखविले की बारीक, टणक भुकटीवरून कीटक सरपटत गेला म्हणजे हा मेणाचा थर घासला जातो आणि कीटक सुकून मरतो. पुढे अमेरिकेत कॅलिफोर्नियाच्या विद्यापीठातील एबेलिंग यांनी दुसरी बाजू पुढे आणली: काही भुकट्यांस घासण्याचीही गरज नाही, टीपकागद शाई शोषून घेतो तद्वत् त्या मेण शोषून घेतात. मार्ग कोणताही असो, फळ एकच. भुकटी किड्याने खावी लागत नाही. ती केवळ त्याच्या अंगास लागावी लागते.

आता वर सांगितलेली गोष्ट आठवावी. कडधान्यातील भुंगेरा काही खात नाही, म्हणून पोटात जाणारे विष त्याच्यापुढे निरुपयोगी. परंतु भोक पाडून बाहेर आल्यावर त्यास जोडीसाठी हिंडावेच लागते, आणि प्रत्येक दाण्यावर जर अशा भुकटीचा हलका हात फिरलेला असेल तर त्याचे हिंडणे हेच त्याचे मरण होते. आतील अळीस भुकटी शिवत नाही, हे आम्ही लपवून ठेवीत नाही. पहिली पिढी बाहेर येणारच. परंतु ती अंडी घालण्यापूर्वी, किंवा फार थोडी घालून, मरते. आणि चाळीसाचे सोळाशे, सोळाशेचे चौसष्ट हजार हा जो हिशेब आम्ही मांडला तो पहिल्याच पायरीवर तुटतो.

या विषयात भारताने केवळ परदेशाचे ऐकले असे नाही. म्हैसूर येथे १९५० साली केंद्रीय अन्नतंत्र संशोधन संस्था सुरू झाली, आणि तिचे पहिले संचालक डॉ. सुब्रह्मण्यन् होते. या संस्थेतील मजुमदार व नरसिंहन यांच्यासमवेत त्यांनी सक्रिय केलेला कोळसा व सक्रिय केलेल्या माती यांचा कीटकांवर होणारा परिणाम १९५९ साली 'नेचर' या जगप्रसिद्ध इंग्रजी नियतकालिकात प्रसिद्ध केला. बिदर व कलबुर्गी हे जिल्हे निजामी राजवटीतून निघून हैदराबाद राज्यात आणि १९५६ साली म्हैसूर राज्यात आले होते; म्हणजे आपल्या नव्या राज्याच्या संस्थेतच हे काम झाले. त्यांतील प्रमुख माती म्हणजे केओलिन, ज्या पांढऱ्या मातीपासून चिनी मातीची भांडी करतात ती. नुसत्या केओलिनात हा गुण बेताचाच असतो. आम्लाची प्रक्रिया व उष्णता देऊन तिला 'सक्रिय' केले म्हणजे तिची शोषून घेण्याची शक्ती पुष्कळ वाढते. कडधान्याच्या बियाण्यासाठी तामिळनाडूचे कृषी विद्यापीठ दर १०० किलो बियाण्यास १ किलो सक्रिय केओलिन हे प्रमाण सांगते. बियाण्याच्या उगवणीस तिने बाध येत नाही.

दुसरी भुकटी आहे ती डायटम नावाच्या, डोळ्यांस न दिसणाऱ्या पाणवनस्पतींच्या कवचांची. हजारो-लाखो वर्षे तलावांच्या व समुद्रांच्या तळाशी ही कवचे साचून त्यांची पांढरट, हलकी माती बनली. आल्फ्रेड नोबेलने आपला सुरुंग तयार करताना स्फोटक तेल जिच्यात शोषवून घेतले तीच ही माती. जी माती ते भयंकर तेल पिऊन स्वस्थ बसते, तिला किड्याच्या अंगावरील मेण ते काय जड! अमेरिका, कॅनडा, ऑस्ट्रेलिया येथे धान्यासाठी व रिकाम्या कोठारांच्या भिंतींसाठी तिचा वापर होतो. गुण चांगला असल्याने ती केओलिनपेक्षा पुष्कळ कमी पुरते, परंतु आमच्या खेड्यांतून ती सहजी मिळत नाही, म्हणून तिच्याविषयी अधिक लिहीत नाही.

येथे कोणी विचारील की भुकटी इतकी गुणाची, तर सरकारी गोदामांत ती का दिसत नाही? कारण भुकटी लागलेले धान्य घसरत नाही, मापास हलके भरते, आणि व्यापाऱ्याच्या डोळ्यांस धुळकट दिसते. अडत्याकडे न्यावयाच्या मालास ती लावली तर भाव पडेल. म्हणून आमचे स्पष्ट मत असे आहे की ही वस्तू बियाण्याची व घरच्या खाण्याची. गाडीभर मालाची नव्हे. विकावयाच्या तुरीसाठी कडक ऊन, स्वच्छ पोती आणि हवाबंद पिशव्या हाच मार्ग बरा. आणि खावयाच्या तुरीची डाळ वेळीच भरडून ठेवली तर अर्धे काम तेथेच होते. भुंगेऱ्याचे मन अखंड दाण्यावर, सोललेल्या डाळीत त्याचा वंश फारसा वाढत नाही.

आता ज्या कारणाने हा लेख लिहावयास आम्ही बसलो त्याकडे वळतो. भुकटी म्हटली म्हणजे सगळ्या भुकट्या सारख्या, अशी आमच्या लोकांची समजूत झालेली आहे, आणि ती जिवावर बेतणारी आहे. पूर्वी बी.एच.सी.ची पांढरी पूड खेडोपाडी मिळे आणि लोक ती धान्यास चोळीत. उत्तर प्रदेशातील लखीमपूर खेरी जिल्ह्यात १९७० नंतरच्या दशकात असे धान्य खाऊन शेकडो माणसांस आकड्या आल्या. ही पूड भारतात १९९७ साली बंद करण्यात आली. केरळात १९५८ साली वाहतुकीत परॅथिऑन हे विष गव्हाच्या पिठास लागले आणि शंभराहून अधिक माणसे दगावली. पिठाच्या रंगावरून वा चवीवरून कोणास काही कळले नव्हते. आजही कित्येक सुशिक्षित घरांतून तांदळास बोरिक पावडर चोळतात, धान्याच्या डब्यात पाऱ्याच्या टिकड्या घालतात. बोरिक पावडर ही अन्नात घालावयाची वस्तू नव्हे, आणि पारा तर उघड उघड विष होय. त्या टिकडीस कोणी कितीही जुनी, घरगुती व निरुपद्रवी म्हणो, ती फुटली तर पारा धान्यातच सांडणार.

पण या सर्वांहून भयंकर म्हणजे गोळ्या. ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या या गोळ्या हवेतील ओलावा लागताच फॉस्फिन नावाचा वायू सोडतात. हा वायू किड्यास मारतो तसाच माणसासही मारतो, आणि त्यावर अजून कोणताही उतारा वैद्यकास सापडलेला नाही. या गोळ्या हवाबंद आच्छादनाखाली, माहितगार माणसाच्या देखरेखीनेच वापरावयाच्या असतात. सर्वसामान्य गृहस्थाने घरात वापराव्या अशी परवानगी कायदा देत नाही. तरीही त्या हातोहात मिळतात. आमच्या खेड्यातील घर म्हणजे काय? एक सोपा, आत एक खोली. त्याच खोलीत पोत्यांची थप्पी, आणि तिच्याच पायथ्याशी वाकळ टाकून पोरे निजलेली. पावसाळ्याची रात्र, दारे-खिडक्या लावलेल्या, हवेत ओल. पोत्याच्या विणीतून वायू बाहेर येण्यास यापेक्षा अनुकूल जागा कोणती? कधी लसणासारखा, कधी सडक्या मासळीसारखा वास येतो, कधी येतही नाही. भारतात अशा रीतीने लेकरे गेल्याच्या बातम्या पुन्हा पुन्हा वाचावयास मिळतात. शिवाय आमच्या भागात आणखी एक अडचण आहे. डबीवरील सूचना कन्नडमध्ये अथवा इंग्रजीत, घरातील वडीलधाऱ्यांची अक्षरओळख मराठीची, आणि दुकानदार घाईत. "एका पोत्यास एक" एवढीच सूचना घरापर्यंत पोहोचते. वाचकहो, आमची आपणांस हात जोडून विनंती आहे: निजावयाच्या घरात ही गोळी आणू नका. आणि एवढा धोका पत्करूनही ती कायमची उपयोगी पडेल असेही नाही, कारण आपल्या देशातील तांबडे भुंगेरे व धान्य पोखरणारे किडे यांच्यात तो वायू पचविणाऱ्या जाती आता निपजू लागल्या आहेत.

डॉ. पानसे यांच्या समितीने १९६० नंतरच्या दशकात देशातील धान्याच्या नासाडीचा अंदाज सुमारे ९.३३ टक्के असा केला होता, आणि त्यांतील कीटकांचा वाटा अडीच टक्क्यांच्या वर होता. देशाच्या हिशेबात अडीच टक्के लहान वाटतात. एका घरच्या बियाण्याच्या मडक्यात भुंगा शिरला तर तेथे टक्केवारी उरत नाही, सगळेच जाते. योसेफाने मिसर देशात सात वर्षांचे धान्य राखून ठेवले ते कोणत्या युक्तीने, हे पवित्र शास्त्राने सांगितले असते तर आमचे काम हलके झाले असते! त्याला निदान मिसरची कोरडी हवा तरी होती.

कोरडी हवा हाच सगळ्याचा मूळ मंत्र आहे. भुकटी किड्यास वाळवून मारते. जेथे हवाच ओली तेथे ती काय वाळविणार? धान्य ओले असेल, किंवा कणगी गळक्या छपराखाली असेल, तर भुकटी स्वतःच पाणी पिऊन निकामी होते. म्हणून तुरी दोन-तीन दिवस कडक उन्हात पातळ पसराव्या. दाताखाली दाणा चेपला न जाता कट्कन फुटला म्हणजे वाळला. मग त्या सावलीत पूर्ण थंड होऊ द्याव्या. गरम दाणे पोत्यात भरले तर आत घाम धरतो. चाळून, पाखडून, फुटके दाणे व कचरा काढून टाकावा. स्वच्छ ताडपत्रीवर रास करून पन्नास किलोस अर्धा किलो या बेताने सक्रिय केओलिन वरून शिंपडावे आणि उलथापालथ करीत, दाणादाणा फिकट दिसेपर्यंत सावकाश मिसळावे. पोते नवे असावे, जुने असेल तर उकळत्या पाण्यातून काढून उन्हात वाळविलेले. मडक्यात अथवा कोठीत ठेवावयाचे असेल तर वर चार बोटे कोरड्या, चाळलेल्या वाळूचा अथवा राखेचा थर द्यावा. पोती भिंतीपासून हातभर दूर, फळ्यांवर ठेवावी. हे सारे माघ-फाल्गुनात उरकावे. पहिला भुंगेरा दिसल्यावर भुकटी आणावयास धावणे म्हणजे बैल गेल्यावर गोठ्यास कवाड लावणे होय.

मिसळताना नाकातोंडास ओला रुमाल घट्ट बांधावा, वाऱ्याकडे पाठ करावी आणि पोरांस दूर ठेवावे. भुकटी विषारी नसली तरी बारीक धूळ फुप्फुसास चांगली नाही. मध्य प्रदेशातील मंदसौर येथे पाटीच्या पेन्सिली करणारे किती तरी मजूर दगडाच्या धुळीने छाती निकामी होऊन गेले. ती धूळ स्फटिकी सिलिकेची होती, केओलिन तशी नव्हे. पण सवय सावधपणाचीच असावी. खावयाच्या वेळी तूर पाखडावी, दोन-तीन पाण्यांनी चोळून धुवावी, पाणी निवळ निघाले म्हणजे झाले.

आता काही वाचकांच्या मनात आलेच असेल की आपल्या बिदर जिल्ह्यात तर अशी माती जमिनीतच आहे. खरे आहे. बिदरजवळ कमठाण्यास केओलिन सापडते, सिरसी व औराद या गावांजवळ गेरूचे साठे आहेत. परंतु फावडे घेऊन निघू नये. खाणीतील कच्च्या मातीत वाळू, ओल आणि नाना प्रकारची घाण असते, आणि ती सक्रिय केलेली नसते. तिच्यावर भरवसा ठेवून वर्षाचे बियाणे घालविणे योग्य नव्हे. सक्रिय केओलिन कोठे मिळेल, याची चौकशी होबळीच्या रैत संपर्क केंद्रात अथवा बिदरच्या कृषी विज्ञान केंद्रात करावी. तेथे कन्नड बोलता येणारा घरचा शिकता मुलगा किंवा मुलगी बरोबर न्यावी, आणि पिशवीवर कोणत्या वस्तूचे नाव छापले आहे ते वाचून घेतल्याशिवाय पैसे देऊ नयेत. ती मिळेपर्यंत चाळलेली, पूर्ण वाळलेली राख आहेच. फक्त मुठीने नव्हे, मापाने.

आमच्या लिहिण्यावर विश्वास ठेवावा असेही आमचे म्हणणे नाही. यंदा दोन सारखी मडकी घ्यावी. दोहोंत एकाच राशीच्या, एकाच दिवशी वाळविलेल्या पाच-पाच किलो तुरी भराव्या. एकात पन्नास ग्रॅम भुकटी मिसळावी, दुसरे तसेच ठेवावे, आणि दोन्ही एकाच कोनाड्यात शेजारी शेजारी फडक्याने तोंड बांधून ठेवावी. मृग निघण्याच्या सुमारास दोन्ही उघडून प्रत्येकातले शंभर दाणे ताटात ओतावे आणि भोके पडलेले दाणे पोरांस मोजावयास सांगावे.